शून्य तक्रारी

"मागच्या सात दिवसांत घास अडकला का कधी?"

"अजिबात नाही. शून्य लिहा, सिस्टर."

सिस्टरने सलग तिसऱ्या तपासणीला शून्य लिहिलं. समोरचा लिफ्टवाला पहिला नंबर आल्यासारखा हसला. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती, आणि कित्येक वर्षं त्याच्या अन्ननलिकेत ॲलर्जीच्या पेशी ठाण मांडून बसल्या होत्या. नळी आखडायची, घास मधेच थांबायचा. औषध सुरू झाल्यापासून मात्र गडी ठणठणीत.

असे पेशंट किती बरे झाले ते मोजणं हे सिस्टरचं काम. एकोणीस वर्षं ती हेच करत होती, आणि आपल्याला कोणी फसवू शकत नाही याची तिला खात्री होती. ती उगाच नव्हती. न घेतलेलं औषध 'घेतलं' म्हणणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधीच ती त्याला ओळखायची.

"तीनदा शून्य! उत्तम," डॉक्टर कागद बघून म्हणाले. "मग दुर्बीण कशाला घालायची उगीच? औषध बंद करू. जेवून आलो की सही करतो."

दुपारी सिस्टर कँटीनमध्ये गेली, तर कोपऱ्यात लिफ्टवाला बायकोबरोबर बसलेला. बायकोची बशी कधीच रिकामी झाली होती. त्याच्यापुढे अंड्याचं सँडविच होतं. कडा काढून टाकलेल्या, उरलेल्याचे नखाएवढे तुकडे केलेले. एक तुकडा तोंडात, मग चावणं, मग आणखी चावणं, मग दोन घोट पाणी. सिस्टरचा डबा संपला, चहा संपला, तरी त्याचं अर्धं सँडविच तसंच. ती उठून त्यांच्या टेबलापाशी गेली.

"दादा, रोज एवढा वेळ लागतो?"

"छे, आज घाई केली."

"आणि कुणी जेवायला बोलावलं तर?"

"घरूनच खाऊन जातो. मटण सोडून एकवीस वर्षं झाली. अडकणार कसं? मी अडकूच देत नाही!" त्याच्या बोलण्यात चक्क अभिमान होता.

सिस्टरचे कान तापले. माणूस एक अक्षर खोटं बोलला नव्हता. घास अडकतो का, एवढंच तिने विचारलं होतं. तो न अडकण्यासाठी हा काय काय करतो, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. एकोणीस वर्षांचा तोरा पाच मिनिटांत उतरला. पण रागावून बसून राहण्यातली ती नव्हे.

"सही करू नका," तिने डॉक्टरांना दारातच गाठलं.

"अहो, शून्य आहे ना?"

"मीच लिहिलंय, मीच खोडते. तो बरा झालेला नाही, जपून राहतोय. दुर्बीण घाला. पेशी पंधराच्या मर्यादेच्या वर निघाल्या नाहीत तर नाव बदलेन."

नाव बदलायची वेळ आली नाही. पेशी सत्तर निघाल्या, आणि नळी इतकी अरुंद की दुर्बीण जेमतेम गेली. औषध बदललं, नळी हळूहळू रुंद केली. सिस्टरने फॉर्मच्या मागे हाताने चार प्रश्न वाढवले: जेवायला किती वेळ लागतो, पाणी किती लागतं, काय खायचं सोडलंय, कुणाबरोबर जेवता. परवानगी कुणाची घेतली नाही.

आठ महिन्यांनी लिफ्टवाला पुन्हा समोर बसला. शेजारी बायको.

"अडकलं का काही?"

"दोनदा." त्याने मान खाली घातली. "आकडा बिघडला ना?"

"काय खाल्लं होतंत?"

"मटण. भावाकडे. सगळ्यांबरोबर बसलो, सगळ्यांबरोबर उठलो."

सिस्टरने ऐटीत दोन लिहिलं. "पेशी चारवर आल्यात, दादा. आता कुठे बरे होताय तुम्ही. जरा दमाने घ्या, बस." मग तिने कागद उलटला. "कुणाबरोबर जेवता?"

तो तोंड उघडणार, तोच बायको बोलली. या खोलीत पहिल्यांदाच.

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सिस्टर. जेवताना हे गप्पच असायचे. मला वाटायचं, माझ्याशी बोलण्यासारखं काही नसेल यांच्याकडे. मग मीही बोलायचं सोडलं. परवा भावजींकडे हे हातात घास धरून इतके बोलत होते... इतके हसवत होते सगळ्यांना..."

लिफ्टवाल्याने खुर्ची बायकोकडे सरकवली. सिस्टरने पेन खाली ठेवलं. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता. त्याला तिने थांबू दिलं.