साखळीतली कात्री

मी एक कात्री बोलतेय. शिंप्याची, जड, पितळी मुठीची. गेली सहा वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान तुरुंगात आहे. मला कुणी शिक्षा सुनावलेली नाही, पण साखळी मात्र होती. म्हणून बोलण्याचा थोडा हक्क मला आहे, असं मी धरते.

माझा जन्म मेरठचा. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचं लोखंड तापवून, ठोकून माझी पाती केली. दोन पाती खिळ्याने जोडली आणि कात्री झाली. तो खिळा फार आवळला तर पाती हलत नाहीत, सैल सोडला तर कापड चावतात. तो नेमका बसवणं हेच माझ्या कारागिराचं कसब होतं.

माझी पहिली मालकीण बीबी गावची चांगुणाबाई. बसस्टँडमागे तिचं शिवणकामाचं दुकान होतं. शिकायला येणाऱ्या पोरींना ती दोन गोष्टी सांगायची. रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडण होतं. आणि कात्री देताना पातं आपल्या हातात धरावं, मूठ समोरच्याकडे करावी. "टोक दाखवून देलं त माणूस आधी हात मांगं घेते, मंग कात्री घेते," असं ती म्हणायची.

नजर अधू झाल्यावर तिने दोन मशिनींसोबत मला तुरुंगाच्या शिवणशेडला देऊन टाकलं. "बसून राह्यलं त लोखंडाले गंज चढते," एवढंच ती निरोप देताना म्हणाली.

तुरुंगात शेड सांभाळणारे हवालदार शेषराव. त्यांनी पहिल्या दिवशी माझी लांबी मोजली, वजन केलं आणि माझ्या मुठीतून साखळी ओवून ती टेबलाच्या पायाला कुलपाने अडकवली. साखळी दीड हाताची. मी कापडापर्यंत पोचत नसे, कापड ओढून माझ्याकडे आणावं लागे. कापणारा वाकून उभा राहायचा, त्यामुळे कापही वाकडा यायचा.

शेषराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या खिशात एक छोटी वही असे. शेड किती वाजता उघडली, सुया किती दिल्या, किती परत आल्या, कुणाला खोकला आहे, सगळं ते त्यात लिहीत. अक्षर छापल्यासारखं. संध्याकाळी पाच वाजता सगळी हत्यारं मोजल्याशिवाय ते घोटभर चहा घेत नसत. पण आतल्या माणसाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "सत्तावीस वर्ष नोकरी झाली माही," ते म्हणत. "आतला माणूस हासला, का म्या त्याचे खिसे तपासतो."

मला सगळ्यांत जास्त वापरलं ते भागवतने. तो मोताळ्याकडचा शेतकरी. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात त्याने चुलत्याला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं होतं. चुलता वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. भागवतने हे कधी नाकारलं नाही. शिवण तो इथेच शिकला. चांगल्या वागणुकीची सूट धरून तो पोळ्याआधी सुटणार होता. घरी त्याची आई मनकर्णाबाई एकटी होती.

उन्हाळ्यात नव्या तुरुंगाधिकारी आल्या, सारिका मॅडम. शेड पाहताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"हिने काय गुन्हा केलाय?"

"मॅडम, हे जेल हाय, शिवणाचा क्लास नाही," शेषराव म्हणाले. "इथं धारेची वस्तू मोकळी सोडत नाहीत."

"शिक्षा कोर्टाने दिली आहे, शेषराव. इथे राहणं, हीच ती शिक्षा. तिच्यात आपण आपल्या पदरचं काही घालायचं नाही. हे लोक उद्या बाहेर जाऊन काम करणार आहेत. तिथे काय साखळीची कात्री मिळणार?"

कुलूप उघडलं. मॅडमनी मला उचललं, पाती मुठीत धरली आणि पितळी मूठ भागवतकडे केली. त्याने आधी दोन्ही हात विजारीला पुसले, मग मला घेतलं. चांगुणाबाईनंतर असं कुणी मला कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

साखळी निघाल्याच्या अकराव्या दिवशी चिखलीच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी शिवलेल्या चादरींचा गठ्ठा बांधायचा होता. शेषरावांनी मला घेऊन सुतळी कापली आणि मला चादरींवर ठेवलं. तेवढ्यात गेटवर त्यांचा फोन आला. परत आल्यावर त्यांना चार चादरी बाजूला राहिलेल्या दिसल्या. त्यांनी त्या वर टाकायला लावल्या. भागवतने सुतळी आवळली आणि गठ्ठा टेंपोत गेला. परवानगीशिवाय त्या तुरुंगातून बाहेर पडणारी मी पहिलीच असेन.

त्यानंतर तुरुंगात काय झालं, ते मी पुढे शेडमधल्या बोलण्यातूनच ऐकलं.

पाच वाजता मोजणी झाली. वहीत त्या दिवशी कात्री भागवतच्या नावावर होती.

"कुठी ठेवली बे?"

"म्या नाही घेतली, साहेब. टेबलावरच ठेवली होती."

"मंग काय पाय फुटले तिले?"

"साखळी काढली न साहेब, गेली असन माहेरी," म्हातारा कैदी माणिकराव म्हणाला. हसला तो एकटाच.

भागवतचं अंथरूण उसवून पाहिलं. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. शेडला कुलूप लागलं. त्याची सूट कापावी, असा अहवाल शेषरावांनी लिहिला. सूट गेली, तर पोळा आतच जाणार होता. मॅडमनी सही केली नाही. पण भागवतने मला घेतलं नाही, असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनाही शंका आली असावी.

मी मात्र चिखलीत चादरींच्या घड्यांत पडून होते. सुट्टीमुळे मुली गावी गेलेल्या. चौथ्या दिवशी तिथल्या मंजुश्रीताईंनी गठ्ठा सोडला. "अगं बाई, ही त्यांची कात्री!" म्हणत त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दुपारच्या एसटीने स्वतः आणून दिलं.

मॅडमनी शेषराव आणि भागवतला शेडमध्ये बोलावलं. मी टेबलावर होते.

"गठ्ठा यानंच बांधला," शेषराव लगेच म्हणाले. "यानंच आत सरकवली. बाहेर कोणी साथीदार असन याचा. टाइमच दाखवतो तुमाले."

त्यांनी वही काढली. तीन दिवस त्यांनी कात्री कुणाला दिली, तेवढंच पान पाहिलं होतं. गठ्ठ्याचं पान आता पहिल्यांदा उलटलं. बोट ओळीवरून फिरत गेलं आणि थांबलं.

ते वही मिटू शकले असते. ती त्यांच्याशिवाय कुणी वाचत नसे. भागवत खाली बघत उभा होता.

शेषरावांनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं. "चार वाजून दहा मिनिटे. सुतळी स्वतः कापली. गेटवर फोन. परत येऊन चार चादरी वर टाकल्या." मग वहीतून मान वर न काढता म्हणाले, "चूक माही हाय. कात्री म्याच चादरीवर ठेवली."

"मग आता तुम्हाला किती दिवस वेगळ्या खोलीत ठेवू, शेषराव?"

"तीन," ते म्हणाले. ते गमतीने बोलत नव्हते.

"राहू द्या, मॅडम," भागवत म्हणाला. "लय लहान हाय ती खोली. साहेबाचं पोट नाही मावणार तिच्यात."

शेषरावांनी अहवाल फाडला आणि त्याच टेबलावर बसून दुसरा लिहिला. त्यात भागवतचं नाव नव्हतं, त्यांचं होतं. उठताना म्हणाले, "मोजणं मात्र म्या सोडणार नाही, मॅडम."

"सोडूच नका."

भागवत पोळ्याच्या दोन दिवस आधी सुटला. शेवटच्या संध्याकाळी पाच वाजता त्याने माझी पाती आपल्या मुठीत धरली आणि मूठ शेषरावांकडे केली. शेषरावांनी मला घेतलं, पाहिलं, वहीत खूण केली.

आता साखळी शेडच्या खिळ्याला टांगलेली असते. माझी धार बोथट झाली आहे, खिळाही थोडा सैल पडलाय. परवा एक नवा कैदी शेडमध्ये आला, पन्नाशीचा. शेषरावांनी मला मुठीकडून उचललं. क्षणभर थांबले. मग मला फिरवून मूठ त्याच्याकडे केली. "घे. सरळ काप."

मी लोखंड. कोण किती अपराधी, ते मला कळत नाही; त्यासाठी कोर्ट आहे. माझं मागणं एवढंच आहे. माणसाच्या हाती काही द्याल, तेव्हा मूठ त्याच्याकडे करा. मग हवं तर मोजा. रोज पाच वाजता मोजा.