मामंजींची आंघोळ

शालूबाई दवाखान्यात आली ती बाळाला नैवेद्याच्या ताटासारखं दोन्ही हातांवर धरून. तीन महिन्यांचं मूल आईनं असं धरलेलं मी पाहिलं नव्हतं. मूल छातीपासून वीतभर लांब, मान खाली आणि डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला. दवाखान्यात माझ्याखेरीज कोणी नव्हतं. हा पदर कोणासाठी, ते मला कळेना.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ही नीळ निघायचं कायतरी औषध द्या."

मग ती बाळाकडे न बघता पुटपुटली, "जरा पालथं करते हां, मामंजी," आणि तिनं त्याला टेबलावर पालथं घातलं.

मामंजींच्या कमरेखाली, माकडहाडावर, तळहाताएवढा निळसर डाग होता. कडा अस्पष्ट, एका बाजूला बोटांसारखे दोन-तीन फाटे फुटलेले. मी तो दाबून पाहिला. रंग हलला नाही, बाळ रडलं नाही, सूज नव्हती. म्हणजे मुका मार नव्हता. तरी मी कापूस ओला करून एकदा घासून घेतला, कारण तिचा चेहरा तसं सांगत होता.

"ही नीळ नाही," मी म्हटलं. "जन्मखूण आहे. पोटात मूल वाढत असताना रंगाचे बारीक कण आतून कातडीच्या वरच्या थराकडे येतात. काही वाटेतच खोल राहून जातात. काळा रंग खोलातून दिसला की निळा वाटतो. दुखत नाही, वाढत नाही. आपोआप फिका होत जातो."

"कवा?"

"तीन-चार वर्षांत."

शालूबाईनं पदर मागं टाकला. वय विशीच्या आतलं, आणि डोळ्यांत पाणी काठोकाठ. "चार वर्सं? बाई, चार वर्सांत त्ये चालंल, बोलंल, आन मला सूनबाई म्हणंल!"

मग सगळं बाहेर आलं.

ते सेचाळीस साल होतं. लढाई संपली होती, पण वर्षापूर्वी रजेवर येऊन गेलेला तिचा नवरा कृष्णात अजून पलटणीतून सुटला नव्हता. उंब्रजच्या मळ्यात सासू राहीबाई आणि ही, दोघीच. सासरे तात्याबा आदल्या श्रावणात गेले. त्यांना पटका पांढराशुभ्र लागे, आणि तो नीळ घालून धुवायचं काम राहीबाईंचं. त्या दिवशी त्या नीळ कालवत असतानाच आतून कण्हण्याचा आवाज आला. त्या तशाच ओल्या हातानं धावल्या, तात्याबांना मागून टेकू दिला, आणि त्यांच्या हातातच ते गेले. पुढं आंघोळ घालताना चार माणसांनी पाहिलं, तर कमरेवर राहीबाईंचा निळा पंजा उमटलेला.

राहीबाईंचं माहेर माण तालुक्यातलं. तिकडे त्यांच्या भावकीत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर काजळाचं बोट लावतात. पुन्हा जन्माला आला की ओळखू यावा म्हणून. इथं बोट कसलं, अख्खा पंजा लागला होता. दिवाळीत शालूबाईला मुलगा झाला, सुइणीनं त्याला पालथं केलं, आणि राहीबाईंनी दारातच पदर डोक्यावर घेतला.

"तवापासनं प्वार माजं न्हाई," शालूबाई म्हणाली. "नाव बी मामंजींचंच ठेवलं. सुनेनं सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आत्याबाई नवऱ्याचं घेत न्हाईत. म्हंजी घरात त्येला हाक मारायला माणूसच न्हाई. पाजायचं त्ये तोंड फिरवून. आन आंघूळ..." ती थांबली. "पायावर कसं घ्यायचं? सासऱ्याला पाय लागत्यात!"

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ झोपवायचं आणि तेल चोळून ऊन ऊन पाणी घालायचं. पाय वापरल्याखेरीज हे होत नाही. राहीबाईंनाही ते करता येईना, कारण नवऱ्याला पाय लावणं तर आणखीच वाईट. तेव्हा मामंजींना दोघी जणी दोन बाजूंनी धरून घंगाळात बुडवून काढत. मामंजी माशासारखे सुळकत आणि गाव गोळा करत.

मी दौतीकडे बघत राहिले. हसू आलं की मी दौतीकडे बघते.

"मला दुसरं काय नगं, बाई," शालूबाई म्हणाली. "धनी यायच्या आत एकदा तरी माजं प्वार मला पायावर घिऊन न्हाऊ घालायचंय. त्येला चार शिव्या द्यायच्यात. आय देती तशा."

तिसऱ्या प्रहरी मी मळ्यात गेले. मामंजी बाजेवर होते. उशाला पटक्याची घडी, शेजारी तात्याबांची पानतंबाखूची चंची. राहीबाई बारीक चणीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या. माझं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. रंगाचे कण, खोल कातडी, सगळं. मान डोलावली.

"व्हय बाई, रंगच हाय त्यो. मीच लावलाय."

"मावशी, तुम्ही लावलेला रंग शरीराबरोबर गेला."

"मंग ह्यो कुटनं आला?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी मध्येच माझा हात धरला. "तुमी शिकल्याल्या हायसा, पर ह्यास्नी वळखत नव्हता. टक्कल बगा, त्येच. दात न्हाईत, त्येच. जेवाण जरा लांबलं की घर डोस्क्यावर घेणं, त्ये तर शंभर टक्के त्येच!"

बाजेवरून त्याच वेळी आरोळी आली. राहीबाईंनी विजयानं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "आवं, आली, आली. दम न्हाई म्हून कसा तो."

मी शेवटचा मुद्दा काढला. "मावशी, आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या बाळांना असा डाग असतो. मी रोज बघते."

"कुणाच्या बाळाला?"

दवाखान्यात पाहिलेलं बाहेर सांगायचं नाही, असं मला शिकवलेलं होतं.

"दावा की मंग," राहीबाई म्हणाल्या. "शिकल्याल्या माणसानं नुसतं बोलू नये."

दाखवायला मला फार थांबावं लागलं नाही. त्याच आठवड्यात चावडीत देवी टोचायचा दिवस होता. टोचणारे भाऊसो पेटी घेऊन आले आणि मदतीला मी बसले. गावातली सगळी तान्ही मुलं आयांच्या कडेवर रांगेत. दंड मोकळा करायला प्रत्येकाचं झबलं वर जात होतं. राहीबाई मामंजींना घेऊन सगळ्यांत पुढं होत्या, शालूबाई त्यांच्या मागं, आणि त्यांचं टोचून झालं तरी त्या बाजूला होईनात.

दुसरं बाळ आलं. आईनं झबलं वर केलं. राहीबाई वाकल्या. निळा डाग.

तिसरं. डाग.

चौथं बाळ नानासोंचा नातू. नानासो म्हणजे तात्याबांचा बांधावरचा वैरी. दोघांच्या शेतांमधला बांध दर पावसाळ्यात वीतभर इकडे नाहीतर तिकडे सरके, आणि सबंध उंब्रजची करमणूक होई. नानासो स्वतः नातवाला घेऊन आले होते, मिशीला पीळ देऊन. झबलं वर गेलं. डाग सगळ्यांत मोठा होता. पंजा, आणि बोटं मोजून घ्यावीत असा.

राहीबाईंच्या डोक्यावर पदर आला. "आवं!" त्या नानासोंच्या नातवाला म्हणाल्या. "तुमी हितं काय करताय?"

"कोण?" नानासो म्हणाले.

"आमचं हे! तुमच्या नातवात!"

भाऊसोंची सुई हवेत थांबली. "टोचू का थांबू?" त्यांनी मला विचारलं.

"माज्या नातवाच्या ढुंगणावर तात्याबा?" नानासो गरजले. मग त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. काहीतरी हिशोब डोक्यात चालला होता. "पर थांबा. तात्याबा माज्या घरात आला, म्हंजी बांधापलीकडचं शेत बी माज्याच घरात आलं की!"

"आलं! आलं तर!" राहीबाई म्हणाल्या. "त्येंचा मूळ पंजा आमच्या हितं हाय. तुमचा उगीच डाग हाय. डाक्टरीणबाईच म्हणत्यात, रंगाचं कण!"

"माजा डाग तुज्यापरीस मोठा हाय!"

"मोठा असून काय उपेग? बोटं वाकडी हायत त्येची!"

तोवर मागच्या रांगेतही झबली वर जायला लागली होती. ज्याला त्याला आपापलं गेलेलं माणूस सापडू लागलं. एका मुलीच्या मानेवर लाल चट्टा होता, ती कुणाची तरी कुंकू फार लावणारी थोरली जाऊ निघाली. एकाच्या खांद्यावर तांबडा, फुगीर, मऊ लास होता. त्याची आई हरणाबाई ओरडली, "अगं बया, ही तर माजी आजेसासू! मेली पान खाऊन थुकली बगा, जाता जाता!" मी म्हणत होते की तो लास रक्तवाहिन्यांचा आहे, पहिल्या वर्षात थोडा वाढेल आणि मग आपोआप ओसरेल, त्याला डागू नका, चुना लावू नका. हरणाबाईनं एवढंच ऐकलं, "म्हंजी म्हातारी जाईल?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग बेस."

भाऊसो मात्र इमानानं टोचत होते. एकामागून एक बाळ किंचाळत होतं, आणि जवळजवळ प्रत्येक किंचाळणाऱ्याच्या पाठीमागं निळा ठसा होता. लहान, मोठा, गोल, लांबट. राहीबाई रांगेच्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांची तुरुतुरु चाल गेली होती. मामंजींना मांडीवर घेऊन त्या चावडीच्या पायरीवर बसल्या.

मला बरं वाटलं नाही. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्या म्हातारीचा नवरा सबंध गावात पसरून नाहीसा झाला होता. शालूबाईही पुढं व्हायला धजेना. तिचं मूल हातभर अंतरावर होतं.

नानासो घसा खाकरत पायरीशी आले. "राहीबाई," ते म्हणाले, "येक सांगू? कशाला भांडताय? त्यो जित्तेपनी बी माज्याच घरात असायचा."

"काय?"

"भांडाण दिसाचं. अंधार पडला की माज्या वट्यावर. तंबाखू त्येची, चुना माजा. सतरंजी टाकून बसायचो पार कोंबडं आरडूस्तवर."

राहीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आन मला सांगायचे, राखणीला जातो!"

"राखणच की. मी त्येच्याकडं बगायचो, त्यो माज्याकडं. बांध कोन हलवनार?"

आधी राहीबाईंचे खांदे हलले. मला वाटलं, रडतायत. मग तोंडाला लावलेला पदर सुटला आणि त्या ज्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. मांडीवरचे मामंजी वरखाली होऊ लागले. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण टोचल्याचं रडू विसरून ते बोळकं पसरून बघत राहिले.

"जित्ते हुते तवा तरी कुटं येका घरात बसायचे," राहीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता काय बसत्यात! जाऊ द्या, सगळ्या गावाला पुरू द्या." मग त्यांनी मान वर केली. "शाले, बगत काय हुबी? घे तुजं प्वार. माजी मांडी भिजीवली बग त्येनं. ह्यांनी असं कंदी केलं नव्हतं."

शालूबाईनं त्याला घेतलं. ताटासारखं नाही, छातीशी, गच्च.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोचलेली जागा बघायच्या निमित्तानं मी मळ्यात गेले. खरं तर निमित्ताची गरज नव्हती, पण मला ते लागतं. न्हाणीतून वाफ आणि आरडाओरडा एकदमच येत होता. शालूबाई पाटावर बसली होती, लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचलेलं, पाय लांब सोडलेले, आणि टोचलेला दंड कोरडा ठेवून पोरगं नडग्यांवर आडवं.

"ए लालासाब! मुडद्या! गप पड की! हात काढ तोंडातला! कुनाचं ऐकायचं न्हाई व्हय रं तुला? आय हाय मी तुजी, आय!"

लालासाहेब हे नाव तिनं रात्रीतून शोधून काढलं होतं, आणि ते पार हमरस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी काळजी ती घेत होती.

राहीबाई तांब्यानं ऊन पाणी देत शेजारी उभ्या होत्या. "चोळ की नीट," त्या म्हणत होत्या. "कानामागं चोळ. मऊ हातानं कुटं प्वार वाढतं व्हय?"

शालूबाईनं त्याला उलटं केलं. तेलपाण्यानं चकचकीत झालेला निळा पंजा वर आला. राहीबाईंचा मोकळा हात आपसूक डोक्याकडे गेला, पदर पुढं आला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सवय, बाई," त्या म्हणाल्या, आणि तांब्यातलं पाणी त्यांनी नेमकं त्या पंजावर ओतलं.