स्टेजवर सोडलेली पट्टी

डॉक्टर यशोधन पागे यांना ‘नेत्ररत्न’ मिळणार होतं. रत्न देणारी संस्था त्यांच्याच मेव्हण्याची, शाली भाच्याच्या फ्रीगंजातल्या दुकानातून आलेल्या, आणि टाळ्यांना नर्सिंगच्या मुली, हजेरी घेऊन बसवलेल्या. विद्यापीठाच्या नेत्र विभागात हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे सरांचं अभिनंदन करत होते. देवश्रीनेही केलं होतं. मग जाऊन साबणाने हात धुतले होते.

देवश्री तिथली सर्जन. तात्पुरती. कायम करायचं की नाही ते विभागप्रमुख म्हणून सरांच्या हातात, आणि त्यांनी आज तिच्याही नावाची एक ढाल ठेवली होती: ‘उदयोन्मुख शल्यचिकित्सक’. गप्प बसण्याचा ॲडव्हान्सच तो.

विभागाची एक रीत होती. सत्काराच्या आदल्या दिवशी मोतीबिंदू काढलेला एक पेशंट स्टेजवर न्यायचा, प्रमुख पाहुण्यांनी त्याची पट्टी सोडायची, पेशंटने सरांकडे बघून हात जोडायचे आणि म्हणायचं, दिसलं. फोटो निघायचा. ऑपरेशन कोणी केलं हे कोणी विचारत नसे.

यंदा सरांनी मंगलाबाईंना निवडलं होतं. रिटायर्ड शिवणटीचर, चेहरा फोटोला छान. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. उरलेल्या उजव्याचा मोतीबिंदू देवश्रीने काढला होता. तो डोळा गेला तर बाईंना अंधार.

म्हणून तिने सकाळीच वॉर्डात पट्टी सोडली, जशी सोडायची असते तशी. हात धुऊन, ड्रॉप घालून, दिव्याखाली तपासून.

मंगलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं, तू तर अगदीच पोर आहेस. काल माहीत असतं तर मी पळालेच असते."

देवश्री हसली. तेवढ्यात सर आले, सिल्कचा कुडता, गळ्यापर्यंत अत्तर.

"उघडलीस?" ते शांतपणे म्हणाले. "ठीक है. परत बांध."

"सर, त्यांना दिसतंय."

"मग स्टेजवर पण दिसेल. काय फरक पडतो?"

"भय्यासाहेब पट्टी सोडणार?"

"कुलपती आहेत, बेटा. तेच सोडणार."

भय्यासाहेब विद्यापीठाचे मालकच. शेतजमिनी घेऊन, त्यांवर कॉलन्या पाडून मोठे झालेले. रामघाटावर पूजा उरकून ते थेट हॉलमध्ये यायचे. बोटांना कुंकू, भस्म, तूप, आठी बोटांत अंगठ्या आणि गालात पान. ती बोटं कालच्या ताज्या जखमेवर.

"नाही बांधणार सर. हा त्यांचा एकच डोळा आहे."

"एकच आहे म्हणून तर लोक रडतील," सर म्हणाले. "तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे. विचार कर."

तिने विचार केला नाही. मंगलाबाईंना काळा चष्मा लावला, बाईंच्या भाच्याला फोन करून बोलावलं आणि दोघांना ऑटोत बसवून दिलं. ऑटो टावर चौकाकडे वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

सरांचं काही अडलं नाही. असल्या माणसांचं कधी अडतं का? देवश्री हॉलच्या मागच्या दाराशी पोचली तेव्हा स्टेजवर पट्टी बांधलेली एक बाई बसली होती. तिने नीट पाहिलं. वॉर्डातली आया, तेजस्विनी. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणारी. तिच्या धडधाकट डोळ्यावर पांढरी पट्टी आणि अंगावर पेशंटचा हिरवा गाऊन.

भय्यासाहेब उठले. पान गालात सरकवलं, चिकटपट्टीत नख घातलं आणि लिफाफा फाडावा तशी ओढली. तेजस्विनीची मान झटकन मागे गेली. डोळ्यातून धार लागली.

"दिसलं," ती कशीबशी म्हणाली.

हॉल उभा राहिला. निवेदिका गहिवरली: "पाहा, हे आनंदाश्रू." पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. सर हात जोडून, मान किंचित तिरपी करून उभे, कॅमेरा ज्या बाजूला होता त्याच बाजूला. त्या चेहऱ्यावर थुंकावंसं देवश्रीला वाटलं. पण तेजस्विनी पायऱ्या उतरताना भिंत चाचपत होती. देवश्री तिकडे धावली.

ओपीडीत तिने डोळ्यात जखम दाखवणारा पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळावर हिरवा ओरखडा, चांगला लांब. अंगठीचा किंवा नखाचा. कडेला कुंकवाचे कण.

"मॅडम, मैं क्या करती," तेजस्विनी म्हणाली. "सर म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे. नाही म्हटलं तर ठेकेदार उद्या दुसरी आणतो."

"बोलू नकोस. वर बघ."

देवश्री डोळा धूत होती, एकेक कण काढत होती. कॉरिडॉरच्या स्पीकरवर तिचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं. मग ज्युनियर डॉक्टर रुचिर धापा टाकत दारात आला.

"मॅम, चला ना. भय्यासाहेब ढाल घेऊन उभे आहेत. सर म्हणतात, आलात तर सकाळचं विसरून जाऊ."

"सरांना सांग, पेशंट तपासतेय."

"कोण पेशंट?" त्याने वाकून बघितलं.

"माइकवर विचारलं तर माइकवर सांग," देवश्री म्हणाली. "कुणाच्या बोटाने झालं, तेही सांग."

रुचिर हलला नाही. स्पीकरवर आता राष्ट्रगीतासाठी उभं राहायची सूचना चालली होती. देवश्रीने तेजस्विनीची पापणी पुन्हा वर उचलली आणि त्याला म्हणाली, "जाणार नसशील तर टॉर्च धर. नीट धर, हात हलवू नकोस."