रबरांचा तक्ता

माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांमधली रेष आणि खालच्या दोन दातांमधली रेष एकमेकींखाली येत नव्हत्या. खालची डावीकडे सरकलेली होती. जूनमध्ये आरशासमोर पारदर्शक पट्टी धरून मोजलं तेव्हा फरक दोन मिलिमीटरच्या किंचित वर होता. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा मोजलं, तेव्हाही तेवढाच. पट्टीची चूक पाव मिलिमीटर धरली तरी अर्थ एकच होता. साडेतीन महिन्यांत काहीच हललं नव्हतं.

हलणार नव्हतंच. ते मला ठाऊक होतं.

तारा बसवल्या तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. खालचे दात एकमेकांवर चढलेले, त्यांच्यामागे ब्रश पोचायचा नाही आणि हिरड्या सुजायच्या. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता सरळ केले तर म्हातारपणी स्वतःच्या दातांनी खाल. मला ते पटलं. नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "वहिनी, लोक या वयात कवळीची चौकशी करतात आणि तू तारा बसवतेस?" नवरा हसला आणि म्हणाला, बसव, दोन वर्षं तरी शाळकरी दिसशील.

चार महिन्यांनी त्याला बढती मिळाली आणि बदली झाली, चौदा तासांच्या प्रवासावरच्या शहरात. मी म्हणाले, उपचार मध्येच सोडून डॉक्टर बदलणं बरं नाही. ते खरंच होतं, डॉक्टरही तेच म्हणाल्या. मग असं ठरलं की त्यानं पुढे जायचं, आणि दातांचं काम झालं की मी नोकरी सोडून मागून जायचं. कुणाला काही विचारायचं उरलं नाही. तो तिकडच्या लोकांना गमतीनं सांगायचा, बायकोला तारांनी बांधून ठेवलंय.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तारांचं वेळापत्रक मला जड गेलं नाही. प्रत्येक खाण्यानंतर जिन्याजवळच्या बेसिनवर जायचं, आधी नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची, मग तारेच्या वरून, मग खालून ब्रश, मग फटीत जाणारा छोटा ब्रश. सफरचंद चावायचं नाही, पातळ काप करायचे. दाणे, कडक टोस्ट, चिकट गोळ्या बंद. तारेचं टोक गालाला टोचलं तर त्यावर मेणाची गोळी दाबायची. पहिल्या महिन्यात गालाला आतून तीन जखमा झाल्या. नंतर तिथली कातडी राठ झाली आणि काही वाटेनासं झालं.

घरातही तसंच झालं. तो गेल्यावर मला त्याची आठवण येईल असं मी धरून चालले होते. पाण्याच्या काही परीक्षणांत रंग लगेच बदलत नाही, थोडं थांबावं लागतं. मी थांबले. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, आम्ही अर्धा तास बोलायचो, तिकडच्या घराच्या गॅलरीबद्दल, त्याच्या गुडघ्याबद्दल. फोन ठेवला की मी कपडे वाळत घालायचे. सहा महिने झाले, वर्ष झालं. तो वाईट माणूस नाही. लग्नाच्या एकोणीस वर्षांत त्यानं कधी आवाज चढवला नाही, मीही नाही. रंग बदलला नाही, एवढंच.

जूनमध्ये डॉक्टरांनी आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, आता फक्त मधली रेष राहिली. त्यासाठी रबर. भाताच्या शिताहून जरा मोठी, रंगहीन कडी. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, वरच्या हुकातून खालच्या हुकात तिरकी ताणून. जेवताना आणि दात घासताना काढायची, एरवी बावीस तास तोंडात. सकाळ-संध्याकाळ नवी जोडी. मदतनीस बाईंनी दोन पाकिटं दिली, शंभर शंभर रबरांची, आणि एक छापील तक्ता. रोज किती तास लावली ते लिहायचं. नीट लावलीत तर चार महिन्यांत तारा काढू, असं डॉक्टर म्हणाल्या.

त्या रविवारी मी नवऱ्याला हे सांगितलं. तो इतका खूश झाला की त्यानं मागे वळून कुणालातरी ओरडून सांगितलं, चार महिने फक्त. फोन ठेवून मी जेवायला बसले, त्याआधी रबरं काढून बशीत ठेवली. जेवले, दात घासले, बशी धुतली. रबरं परत लावली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. ठरवलं असतं तर निदान मला कळलं असतं.

तक्ता मात्र मी भरत गेले. सगळीकडे बावीस लिहिलं नाही. खऱ्या नोंदी तशा नसतात. एकवीस, साडेवीस, बावीस, मध्ये एक दिवस सर्दी होती म्हणून पंधरा. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. हे शंभरेक मी तीन-चार पेनं बदलून लिहिले आणि हात थांबला नाही.

मधल्या एका भेटीच्या वेळी डॉक्टर गावाला गेल्या होत्या, म्हणून ती पुढे ढकलली गेली. ऑक्टोबरची भेट आली तेव्हा नवरा चार दिवसांची रजा काढून आला. सामान हलवणाऱ्या माणसाशी त्यानं बोलून ठेवलं होतं. तिकडे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्याबद्दल शब्दही टाकला होता. जिना चढताना म्हणाला, आज तुझ्या डॉक्टरांकडून तारीख घेऊनच उठायचं, इतके दिवस मी नुसत्या दातांच्या कण्या करतोय.

तो माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला. डॉक्टरांनी बारीक मोजपट्टी लावली, कार्डावर जूनचा आकडा पाहिला, पुन्हा लावली. मग तक्ता घेतला आणि ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत वाचला.

मग त्यांनी नवऱ्याला समजावून सांगितलं. इतके तास रबर लावूनही दात हलत नसेल तर कधीकधी दाताचं मूळ हाडाला चिकटलेलं असतं. एक्स-रे काढावा लागेल. तसं निघालं तर खालचा एक दात काढून जागा करायची, किंवा हिरडीतून हाडात छोटा स्क्रू बसवायचा. आपण या वयातल्या हाडाला गृहीत धरलं, ही माझी चूक, असंही त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत आडवी होते. माझ्या खोट्या आकड्यांवरून एक शहाणी बाई स्वतःची चूक शोधत होती आणि माझा धडधाकट दात काढायला निघाली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त छतावरच्या दिव्याच्या काचेत साचलेली धूळ दिसत होती.

मदतनीस बाई एक्स-रेची चिठ्ठी लिहायला कपाटाकडे गेल्या. तिथे त्यांची वही होती, कुणाला काय दिलं त्याची. त्यांनी पान उलटलं आणि तिथूनच विचारलं, "मॅडम, यांनी जूननंतर रबरं नेलीच नाहीत. दोनशेच दिलेली. रोजची चार धरली तर पन्नास दिवसांत संपली असतील ना?"

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या एका सहकाऱ्याला असंच पकडलं होतं. निवृत्तीला आलेला माणूस, त्यानं चाळीस नमुन्यांचे क्लोराइडचे आकडे परीक्षण न करताच लिहिले होते. आकडे अगदी पटण्यासारखे होते. पण त्या परीक्षणाला लागणारी सिल्व्हर नायट्रेटची बाटली होती तेवढीच भरलेली होती. मी ती त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. आणि आता मी स्वतः आकडे सजवले होते, पण आणखी पाकिटं मागून घ्यायला विसरले होते.

"बाहेरून आणली असतील हो तिनं," नवरा म्हणाला. "फार काटेकोर आहे ती. आमच्याकडे मीठसुद्धा मोजून पडतं."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीवरून उठून बसले.

"मी रबर लावत नव्हते," मी म्हणाले. "तक्ता खोटा आहे. दात काढू नका."

दुखत होतं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. विसरत होता का? नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्या रागावल्याही नाहीत. उलट खांदे सैल सोडून म्हणाल्या, मग हाडाला काही झालेलं नाही, आजपासून लावा, तीन-साडेतीन महिने. तेवढ्या काळासाठी तिकडचा डॉक्टर मिळाला तरी चालेल, अवघड भाग झालेला आहे. बाईंनी नव्या पाकिटातून दोन रबरं काढली आणि माझ्या तोंडात लावून दिली. खालचा जबडा किंचित उजवीकडे ओढल्यासारखा झाला. मला ते स्पष्ट जाणवलं.

बाहेरच्या खोलीत एक बाई मांडीवर मासिक उघडं ठेवून पेंगत होती. नवरा माझ्याबरोबर टेबलाशी येऊन उभा राहिला. तो चिडला नव्हता. हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, कंटाळा आला होता तर सांगायचं ना. मी काय, रबरावरून भांडणार होतो?" मग मोबाईल काढून तो कॅलेंडर बघायला लागला. सामानाचा माणूस पुढच्या महिन्यात पंधरा तारखेनंतर मोकळा होता.

मदतनीस बाईंनी माझी फाइल पुढ्यात ओढली. त्यांनी विचारलं, पुढची तारीख इथली लिहू, की तिकडच्या डॉक्टरांसाठी कागद तयार करू? बदलीचे कागद केले की इथलं खातं बंद होतं, मग परत उघडत नाही.

"कागदच करा," नवरा मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला.

बाईंनी कोरा कागद घेतला. वर माझं नाव लिहिलं, खाली वय लिहिलं आणि पत्त्यासाठी त्याच्याकडे पाहिलं. तो पत्ता सांगायला लागला, इमारत, मजला. रबरांमुळे माझं तोंड पुरतं उघडत नव्हतं, म्हणून मी सावकाश बोलले.

"कागद नकोत. इथलीच तारीख द्या." मग मी त्याच्याकडे वळले. त्यानं मोबाईल खाली केला होता. "मी तिकडे राहायला येणार नाहीये. दात झाल्यावरही नाही."