दुधाशेजारची किल्ली

पेठ वडगावच्या त्या घरापुढं सगळी गल्ली लोटली होती. कपाटाची हरवलेली किल्ली कुठं आहे, ते महाराजांनी पाटावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. आतून ओरडा आला, "फ्रिजमधी हाय! दुधाच्या पातेल्याजवळ!" जमावानं हात जोडले.

"भानामती हाय," महाराजांनी धाकट्या सुनेकडं, मोनाकडं बोट केलं. "गेल्या साली वारलेली थोरली सून हिच्यात शिरलीया. वस्तू लपवती, गॅस सोडती, नळ उघडती. अमावस्येला काढू. तवर लेकरू हिच्याजवळ न्हाय!"

सासू बयाबाईंनी तान्ह्याला मोनाच्या मांडीवरून उचललं. आपल्या हातांत दुसऱ्याच कुणाचे तरी हात आहेत, असं मोनालाही वाटू लागलं होतं.

कोल्हापूरहून आलेली तिची मावशी मैथिली पुढं झाली. "महाराज, जागा सांगण्याआधी हिला काय विचारलंत?"

"ते देव इचारतो, बाई."

"देवानं विचारलं, किल्ली हातात असताना काय करत होतीस? ही म्हणाली, दूध ठेवत होते. मग 'थंड जागी बघा' म्हणायला देव कशाला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"बाळाचा वाळाही सापडत नाही ना? मोना, तो काढलास तेव्हा काय चाललं होतं?"

"आंघोळ घालायची होती. तेवढ्यात फोन वाजला."

"फोन कुठं होता?"

"खिडकीत. चार्जिंगला."

शेजारचा कृष्णात आत गेला. वाळा खिडकीतच होता, चार्जरच्या मागं.

महाराज उसळले. "हिच्यातबी हाय की ती!"

"हाय की," मैथिली म्हणाली. "लहानपणी मलाही मिरच्यांची धुरी दिलेली. त्या वासानं अजून दचकते. पन्नाशीला टेकले तेव्हा डॉक्टरांनी तिचं नाव सांगितलं, एडीएचडी. लक्ष एकीकडं उडतं, हात दुसरीकडंच वस्तू ठेवून येतो, आणि ठेवल्याचं आठवतही नाही. मग मी त्याचं शिक्षण घेतलं. आता राजारामपुरीत अशाच मोठ्या माणसांना दिवस सांभाळायला शिकवते. मोनाला तेच आहे का, हे डॉक्टर तपासून सांगतील. मी नाही, आणि तुम्हीही नाही."

महाराज उठले. अंगणात चपला शोधू लागले.

"काढल्या तवा काय चाललंतं, आठवा की," कृष्णात म्हणाला.

गल्ली हसत पांगली. मोना हसली नाही. "मावशी, मग त्या दिवशी गॅस मीच सोडलावता? बाळ आत झोपलंतं."

"हो," मैथिली म्हणाली. तिनं तो शब्द मऊ केला नाही. "भूत असतं तर काही करता आलं नसतं. किल्लीला खुंटी लावू. गॅसपाशी गजर लावू. चुकशील, पण सापडेल."

तेवढ्यात मोरीत नळ धो धो वाहू लागला. घरातल्या सगळ्यांच्या नजरा मोनाकडं वळल्या. ती जागची हललीही नव्हती.

बयाबाई उठल्या, नळ बंद करून आल्या. "सकाळी पाणी न्हवतं," त्या खाली बघत म्हणाल्या. "नळ मीच उघडा ठेवलावता. आत्ता पाणी आलं."

त्यांनी तान्ह्याला मोनाच्या मांडीवर ठेवलं.

घरात आवाज झाला, की आधी उठून नळ बघावा. सुनेकडं बघायची घाई नको.