कोब्यावरचं मशीन

"पट्टा काढ! आरं, पट्टा काढ!"

किशनराव ओरडेपर्यंत मळणी मशीननं संघपालचा उजवा हात कोपरापर्यंत ओढून नेला होता. सोयाबीनच्या भुशाबरोबर रक्त समोरच्या भिंतीवर उडालं. गुरुलिंगनं पहार घालून पट्टा उडवला. ड्रम थांबला, आणि विलासनं धाकट्या भावाला कमरेला धरून मागं खेचलं. हात मात्र मागं आला नाही.

"अण्णा, माजा हात कुठं गेला? बघ की," एवढं म्हणून संघपाल बेशुद्ध पडला.

किशनराव कारखान्याचे मालक. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं त्याचा दंड करकचून बांधला आणि त्याला जीपमध्ये घातलं. कलबुर्गीचा दवाखाना गाठायचा होता. विलास मागं चढणार, एवढ्यात त्याची नजर मशीनच्या उघड्या तोंडात गेली. ड्रम चार बोटं पुढं आला होता. तो पायरीवरून खाली उतरला. जीप त्याच्यासाठी थांबली नाही.

"ड्रम कोन पुढं घेतलंय?"

"मीच," गुरुलिंग म्हणाला. "मशीन मागं झुकायलतं. मी रेघ मारलो की कोब्यावर."

"माज्या भावाचा हात खाल्लास तू!"

विलासच्या हातात पाना होता. तो त्यानं गुरुलिंगच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गुरुलिंग आडवा झाला, तसा विलास त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. वेल्डर विलास आणि टर्नर गुरुलिंग, एका डब्यात जेवणारी ही माणसं. पण रक्त डोक्यात चढलं की डबा कुणाला आठवतो?

मुडबीच्या रस्त्यावरच्या या कारखान्याची रीतच वेगळी होती. आधी नकाशा, मग लोखंड, मग चाचणी अशी वाट बघत बसलो तर सुगी निघून जाईल, असं किशनराव म्हणायचे. म्हणून अख्खं मशीन खडूनं सिमेंटच्या कोब्यावर काढायचं, खऱ्या मापाचं, आणि सगळ्यांनी एकदमच कामाला लागायचं. ज्यानं काही बदललं, त्यानं आपल्या रंगाची रेघ मारायची. विलासची लाल, गुरुलिंगची निळी. संघपाल मशीनच्या तोंडाशी बसून पेंढ्या घालायचा, त्याची पांढरी. संध्याकाळी सगळ्यांनी कोब्याभोवती उभं राहून रंग जुळेपर्यंत भांडायचं. शहरात या पद्धतीला मोठं नाव आहे म्हणे. इथं तिला कोब्यावरचं भांडण म्हणत. त्या भांडणामुळंच आजवर कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

पाना पुन्हा वर गेला. गुरुलिंगनं तोंडातलं रक्त थुंकलं. मोडक्या जबड्यातून शब्द धड निघत नव्हते.

"आन् तोंड... तोंड कोन आखूड केलंय, विलासा?"

"पेंढी अडकायलती म्हणून कापलो. लाल रेघ मारलो होतो मी!"

"मग कुठं हाय? दाव की."

विलासनं कोब्याकडं पाहिलं. कोबा स्वच्छ होता. वर खंडेनवमीचं कुंकू आणि झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, बस्स. पूजेला हात जोडायची विलासची पद्धत नव्हती, घरी बुद्धवंदना चालायची. पण पूजेआधी कोबा धुवायचा मान दरवर्षी त्याचाच. यंदाही त्यानंच धुतला होता. गुरुलिंग बादल्या ओतत होता, हा खराटा मारत होता. दोघं एकमेकांवर पाणी उडवत पोरांसारखे हसले होते. लाल काय, निळी काय, सगळ्या रेघा त्या पाण्याबरोबर गटारात गेल्या. सणाच्या गडबडीत त्या संध्याकाळचं भांडण राहून गेलं होतं.

विलास उठला. त्यानं पाना टाकला आणि घण उचलला. शेजारी याच मापाचं दुसरं मशीन अर्धं उभं होतं. ड्रमचा चेंदामेंदा होईपर्यंत, हाताची सालं निघेपर्यंत तो त्याच्यावर घण घालत राहिला. तोंडानं नुसतं, "मीच धुतलो, मीच धुतलो." कुणी अडवायला गेलं नाही. त्याचंच लोखंड होतं ते.

संघपाल वाचला. दवाखान्यात पोलिस आला, गुरुलिंगला विचारलं, जबडा कुणी फोडला? त्याचे दात तारेनं आवळलेले. त्यानं बाजूच्या खाटेवरच्या संघपालच्या थोट्या हाताकडं बोट केलं, मग हवेत पट्टा फिरवून दाखवला. मशीननंच. पोलिसानं तसंच लिहून घेतलं. दाराशी उभ्या विलासला लाजेनं मान वर करवेना.

आठवड्यानं विलास कारखान्यात परतला, तेव्हा गुरुलिंग कोब्यावर उकिडवा बसला होता. त्यानं निळ्या खडूनं ड्रम काढला होता, जिथं नेला होता तिथंच. त्यानं लाल खडू पुढं केला. विलासनं आपलं आखूड केलेलं तोंड काढलं. मग तो कोब्यावर पालथा पडला, उजवं कोपर लाल रेघेवर टेकवलं आणि हात आत सोडला.

चारही बोटं निळ्या ड्रमवर पडली.

गुरुलिंगनं तळव्यानं निळी रेघ पुसली, मागं मारली. बोटांकडं पाहिलं. पुन्हा पुसली, आणखी मागं नेली. बोटं रेघेच्या बरीच अलीकडं राहिली, तेव्हा कुठं तो थांबला. मग खिशातून पांढरा खडू काढून त्यानं विलासच्या हाताभोवती सावकाश रेघ ओढली.

विलासनं हात उचलला. मशीनच्या तोंडात पांढरा हात तसाच राहिला.