बोकोबाला परवानगी

दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवताना केसाएवढी फटसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी लेकीचा गेम कन्सोल आला, तेव्हा त्यावरही तिने असाच चोख पहारा बसवला होता. रोज एकच तास, मोठ्यांचे खेळ बंद, अनोळखी माणसांशी बोलणं तर साफ बंद. पिन ठाऊक फक्त तिला आणि नवऱ्याला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर सहज कन्सोलचा अहवाल उघडला आणि हातातला घास हातातच राहिला. नवीन मित्र: बोकोबा. बोलण्याची परवानगी: चालू.

दहा वर्षांच्या लेकीला घरात सगळे चिमणी म्हणत. चिमणीच्या मागे बोका!

संध्याकाळी तिने लेकीला समोर बसवलं. "हा बोकोबा कोण गं?"

"आहे एक मित्र."

"शाळेतला?"

चिमणी नखं कुरतडायला लागली. "सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

नवरा इस्त्री करत होता. तो म्हणाला, "अगं, खेळातली दोस्ती ती. उगाच राईचा पर्वत करू नकोस." पण एकच बाही त्याने तीनदा दाबली, हे तिने पाहिलं. म्हणजे यालाही काहीतरी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून घरी आली. चिमणीला तिने आज मुद्दाम पोहायला पाठवलं होतं. रोज पावणेपाचला बोकोबा यायचा, असं अहवाल सांगत होता. तिने लेकीच्या नावाने खेळ सुरू केला, हेडफोन कानाला लावला आणि श्वास रोखून बसली.

पावणेपाचला पडद्यावर निळी टोपी घातलेलं एक माणूसरूप उगवलं. कानात कुणीतरी घसा खाकरला.

"चिमणे, आज माझ्याआधी हजर? चल, पुलावरून जाऊ. सांभाळ हं, तिथे भोक आहे."

बोलण्याआधी असा घसा खाकरणारा एकच माणूस तिला माहीत होता.

"दादा?"

पडद्यावरची निळी टोपी जागच्या जागी थांबली. मग हळूच आवाज आला, "तायडे."

सहा वर्षांनी ती ही हाक ऐकत होती. वडील गेले तेव्हा हा दोन दिवस उशिरा पोहोचला होता, आणि चारचौघांत तिने त्याला "आता कशाला आलास?" म्हणून परत पाठवलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे. तुझ्या नवऱ्याच्या मीच मागे लागलो होतो. भाचीचा आवाज तरी ऐकावा म्हटलं."

"मग मला फोन करायचा होतास."

"केला की. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस."

हे खरं होतं. तरी तिचा राग उसळून आला.

"दादा, आईपासून लपवायला शिकवलंत तुम्ही दोघांनी तिला. उद्या खरंच कुणी परका 'आईला सांगू नकोस' म्हणाला, तर तिने काय करायचं?"

"चुकलो गं," तो म्हणाला.

तिने खेळ बंद केला. नवऱ्यालाही तिने चांगलंच फैलावर घेतलं. बोकोबाची परवानगी त्याच संध्याकाळी गेली. चिमणी चार दिवस फुगून बसली, आईशी कामापुरतंच बोलली.

या चार दिवसांत मेणात दात बसवताना तिच्या कानात ती "तायडे" घुमत राहिली. पण शंकाही तितकीच छळत होती. याला खरंच भाचीची ओढ होती, की आणखी काही मनात होतं?

रविवारी दुपारी तिने पिन बदलला. नवा पिन नवऱ्याला सांगितला नाही. चिमणीला खेळायला बसवून बोकोबाला अर्ध्या तासाची परवानगी दिली, हेडफोन कपाटात ठेवून दिला, बोलणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला आणि स्वतः शेंगा सोलायला घेऊन सोफ्यावर बसली.

घसा खाकरल्याचा आवाज खोलीभर झाला. "तायडे, आहेस का तिथे?"

"आहे," ती म्हणाली. "खेळा तुम्ही. मी ऐकतेय."